पलंगाच्या वरची भिंत

अगं, नव्या घराचे फोटो नीट पाहिले. पडदे छान आहेत, पलंगही ऐसपैस घेतलात ते बरं केलंत. खाली तू लिहिलं आहेस, "ताई, पलंगाच्या वरची भिंत अगदी ओकीबोकी दिसते. फर्निचरच्या दुकानात तीन चित्रांचा सेट आहे, तो घेऊ का?" थांब, इतक्यात घेऊ नकोस. त्या भिंतीबद्दल मला तुझ्याशी जरा निवांत बोलायचंय.

हॉलची भिंत चारचौघांची असते. तिथे काय लावायचं याचा विचार करताना येणाऱ्या-जाणाऱ्यांचा विचार होतोच, आणि त्यात काही चूक नाही. झोपायच्या खोलीत मात्र तुम्ही दोघंच. दिवसभराची दगदग संपवून तिथे येणार, रुसणार, समजूत काढणार, ताप आला तर तिथेच पडून राहणार. म्हणून तिथे काय असावं हे पडद्याच्या रंगावरून ठरवू नकोस, आणि नणंदेच्या घरी काय पाहिलं त्यावरूनही नको. जे तुम्हा दोघांनाही वर्षानुवर्षं पाहावंसं वाटेल, तेच तिथे यावं. माझं मुख्य म्हणणं एवढंच. बाकी सगळी मापं आणि जपणूक.

आणखी एक बघ. पलंगावर आडवं झाल्यावर उशाकडची भिंत आपल्याला दिसतच नाही. ती दिसते दारातून आत येताना. सकाळी डोळे उघडले की समोर असते ती पायाकडची भिंत. त्यामुळे एखादं चित्र उठल्याउठल्या दिसावं असं वाटत असेल, तर त्याची जागा समोर आहे. उशाकडे लावायचं ते असं असावं, की खोलीत पाऊल टाकताच मन सैलावलं पाहिजे.

आता मापं. तुझा पलंग पाच बाय साडेसहा दिसतोय, म्हणजे रुंदी 60 इंच. वरचं चित्र, किंवा सगळी चित्रं मिळून होणारी रुंदी, पलंगाच्या दोन तृतीयांश ते पाऊणपट असावी, म्हणजे 40 ते 45 इंच. सहा फुटी पलंग असता तर 48 ते 54. मोठ्या पलंगावर फूटभराची एकच फ्रेम लावली तर ती हरवून जाते. पलंगाच्या कडेबाहेर गेलेलं चित्र खोलीला जड करतं.

उंचीत आपल्याकडे बहुतेकांचं गणित चुकतं. आपल्याला फोटो उंच लावायची सवय आहे. जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून लावलेल्या असायच्या, आणि तीच उंची आपल्या नजरेत बसली आहे. पलंगावरचं चित्र मात्र पलंगाशी जोडलेलं दिसायला हवं. हेडबोर्डच्या वरच्या कडेपासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत सहा ते आठ इंच, बस. हेडबोर्ड जमिनीपासून चार फूट असेल, तर फ्रेम साधारण साडेचार फुटांच्या थोडी वर सुरू होईल. वर बरीच भिंत मोकळी राहील. राहू दे.

लावायचे प्रकार तसे तीनच. एक मोठं आडवं चित्र, हे सगळ्यात शांत दिसतं. दुसरं, एका मापाच्या दोन किंवा तीन फ्रेमा एका ओळीत, मध्ये दोन-अडीच इंचांची सारखी फट. फट जास्त झाली की फ्रेमा एकमेकींशी बोलत नाहीत. तिसरं, लहानमोठ्या फ्रेमांचा गट. तो करायचा असेल तर आधी जमिनीवर चादर पसरून सगळं मांडून बघ, सगळ्यात मोठी फ्रेम मध्याच्या जरा बाजूला ठेव, आणि गटाची खालची कड शक्यतो एका रेषेत आण. पलंगाच्या वर वेडीवाकडी खालची कड फार खटकते.

आणि भिंतीला भोक पाडण्याआधी एक काम नक्की कर. रद्दीतले पेपर फ्रेमच्या मापाने काप आणि मास्किंग टेपने भिंतीवर चिकटव. आठवडाभर तसेच राहू देत. दारात उभी राहून बघ, रात्री दिवा लावून बघ. मग पलंगावर पाय पसरून, पाठीला उशी घेऊन बस आणि डोकं मागे टेक. कागद चुरगळला तर फ्रेम दोन इंच वर घ्यायची. तुझा नवरा तुझ्यापेक्षा उंच आहे, त्यालाही बसव. एसी कुठे आहे तेही बघ. तो त्याच भिंतीवर असेल तर त्याच्या खाली चित्र नको, पाण्याचा एक थेंब गळला तरी कागदाची वाट लागते.

आता माझा आवडता भाग, काय लावायचं.

तुला वारली चित्रं आवडतात हे मला ठाऊक आहे. मग दुकानातला छापील कॅनव्हास घेण्यापेक्षा हाताने काढलेलं घे. तू कल्याणला राहतेस, डहाणू-तलासरी-जव्हार काही लांब नाही, आणि तिथले कलाकार मुंबईतल्या प्रदर्शनांतही येतात. मुळात ही चित्रं वारली बायकांनी लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने काढलेली. 1970च्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, रोजच्या जगण्याचे प्रसंग त्यांत रंगवले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने काढलेलं चित्र जवळून बघ. रेष कुठे जाड, कुठे बारीक होते, पांढरा रंग काही ठिकाणी दाट तर काही ठिकाणी विरळ असतो, आणि तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्या माणसांपैकी कुणाचाही हात दुसऱ्यासारखा वाकलेला नसतो. छापील चित्रात हे सगळं सपाट होऊन जातं. एक मात्र सांगते. लग्नचौक घेऊ नकोस. त्याच्या चौकटीत पालघट देवी असते, ते पूजेचं चित्र आहे. पलंगाच्या वर झाडं, पक्षी, भातलावणी किंवा तारपा नाच असलेलं चित्र शोभेल.

उजेड हवा असेल तर सावळाराम हळदणकरांचं "ग्लो ऑफ होप" आठव. हातात दिवा धरलेली तरुणी, ज्योतीवर हाताचा आडोसा, आणि बोटांमधून झिरपणारा तांबूस प्रकाश. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, पण ते आपल्या हळदणकरांचं, आणि तेही जलरंगातलं. त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. त्याची चांगली प्रत मऊ पिवळ्या दिव्याच्या खोलीत फार सुरेख दिसते. ते उभं चित्र आहे, म्हणून ते मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना एकेक साधी फ्रेम घ्यावी लागेल.

गोल आकार आवडत असतील तर सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे रंगवलेले गोल पत्ते, आहे. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच 120 पानांचा असतो, पण पाना-फुलांच्या नक्षीची निवडक पानं एका आडव्या फ्रेममध्ये बसवून घेता येतात. अवतारांची पानं मात्र हॉलमध्ये लाव.

आता जे दुकानात मिळणार नाही त्याबद्दल. आजीचं इरकल तुझ्याकडे आहे ना, काठाशी विरलेलं? त्याचा पदर अजून धड आहे. तो फ्रेम करून घे. फक्त फ्रेमवाल्याला बजावून सांग, डिंक किंवा फेव्हिकॉल लावायचा नाही. आधी सुती कापडावर बारीक टाके घालून पदर बसवायचा आणि मग ते कापड फ्रेममध्ये ताणायचं. डिंकाने कापड पिवळं पडतं आणि पुन्हा कधी सुटं होत नाही. पुढचं पारदर्शक आवरण कापडाला टेकू नये म्हणून मध्ये पट्टीही घालायला लाव. नाहीतर आईने शिवलेली गोधडी आहेच. वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिव, त्यात लाकडी दांडा घाल आणि दोन हुकांवर टांग. हलकी, न फुटणारी, पावसाळ्यानंतर धुऊन पुन्हा लावता येईल अशी. मला विचारशील तर पलंगाच्या वर याहून योग्य काही नाही.

लग्नाचा फोटो लावायचाच असेल तर स्टेजवरचा, सगळे दागिने घालून कॅमेऱ्याकडे बघणारा नको. तुम्ही दोघं कशावर तरी हसताय असा एखादा असेलच, तो निवड. आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापायला देऊ नकोस, तो दाबून लहान केलेला असतो. तीन बाय दोन फुटांच्या छपाईसाठी साधारण 5400 बाय 3600 पिक्सेलची फाइल लागते. फोटोग्राफरकडून मूळ फाइल मागून घे.

सासूबाईंनी देवाचा फोटो लावायला सांगितला तर लगेच नाही म्हणू नकोस. त्यांच्या मनात तुमचं भलंच असतं. "आई, झोपायच्या खोलीत देवाचा मान राहत नाही, आपण तो देवघराशेजारी लावूया का?" असं विचार. त्यांनाही ते पटेल, आणि फोटोला मानाची जागा मिळेल.

आता जरा कठोर होऊन सांगते, कारण खाली तुम्ही झोपणार आहात. पलंगाच्या वर काच नको. तीन बाय दोन फुटांची दोन मिलिमीटर जाडीची नुसती काच पावणेतीन किलोच्या आसपास भरते, शिवाय फ्रेमचं वजन वेगळं. तीच ॲक्रिलिकची घेतलीस तर वजन निम्म्याने कमी, आणि पडली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. फ्रेमवाल्याकडे मॅट ॲक्रिलिक माग, म्हणजे खिडकीचा उजेड त्यात चमकणार नाही. फ्रेम एका खिळ्यावर दोरीने टांगायची नाही. मागे दोन्ही बाजूंना पक्के कडीचे हुक आणि भिंतीत दोन स्क्रू हवेत. मग ती वाकडीही होत नाही आणि एक स्क्रू सुटला तरी दुसरा धरून ठेवतो. तुझं सासर कऱ्हाडचं, तिकडे कोयनेच्या पट्ट्यात अधूनमधून हादरे बसतात. तिथल्या खोलीतही हेच कर.

ड्रिल मारताना बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष दे. लाल आली तर वीट, करडी आणि ड्रिल अडखळत चाललं तर काँक्रीट. पांढरी आणि भुसभुशीत असेल तर तो आधी जिप्समचा थर असतो, आत हलके सिमेंट ब्लॉक असू शकतात. अशा ब्लॉकमध्ये साधी गिट्टी सैल पडते, त्यासाठीची लांब गिट्टी माग. स्क्रू निदान दोन इंची घे, म्हणजे तो प्लास्टर ओलांडून भिंतीत शिरेल. आणि पलंगाशेजारच्या स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर किंवा आडवं भोक पाडायचं नाही, वायरी बहुधा तशाच गेलेल्या असतात.

ड्रिलची कटकट नको म्हणून चिकटपट्ट्यांवर फ्रेम लावायचा मोह होईल. पलंगाच्या वर तो टाळ. चांगल्या पट्ट्यांच्या पाकिटावरच पलंगाच्या वर लावू नका असं छापलेलं असतं. दमट हवेत, भुकटी सुटणाऱ्या रंगावर त्या रात्रीतून सुटतात.

ती भिंत बाहेरच्या बाजूची आहे का, हेही बघून घे. जून ते सप्टेंबर अशा भिंतीला ओल येते आणि फ्रेमच्या मागचा पुठ्ठा ती शोषून घेतो. कागदावर तपकिरी ठिपके पडतात, एमडीएफ फुगतं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या लहान टिकल्या लाव, म्हणजे हवा खेळती राहील. माउंट ॲसिड-फ्री माग, आणि पाठ टेपने नीट बंद करून घे. महिन्यातून एकदा फ्रेम जरा पुढे ओढून मागे झाडू फिरव, नाहीतर पाली आणि कोळी तिथे कायमचं घर करतात. खिडकीतून दुपारचं ऊन भिंतीवर येत असेल तर जलरंग किंवा जुनं कापड तिथे नको, रंग उडतो. तिथे पुढे बदलता येईल अशी छापील प्रत चालेल.

दुकानातल्या त्या सेटला माझा विरोध नाही. तुम्हा दोघांनाही तो खरोखर आवडला असेल, तर जरूर घ्या. पण भिंत रिकामी दिसते एवढ्यासाठी घेणार असशील तर नको. रिकाम्या भिंतीने घराचं काही बिघडत नाही. आधी रद्दीचे कागद चिकटव, नवऱ्याला त्याच्या मनातलं विचार, आजीचं इरकल कपाटातून काढून त्याला दाखव. मग दोघांनी मिळून ठरवा, आणि जे ठरवाल ते दोन पक्क्या स्क्रूंवरच लावा.