लाकूड बघून घे, मनू

मनू, रायफल दिसायलाही सुंदर हवी, हे सांगताना एवढी संकोचू नकोस गं. क्लबातली मंडळी म्हणतील, नेम नळीवर आणि हातावर असतो, लाकडावर नाही. खरंच आहे ते. पण जी वस्तू दर रविवारी सकाळभर गालाशी धरायची, ती डोळ्यांत भरलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. फक्त सौंदर्य नेमकं कुठे शोधायचं तेवढं माझ्याकडून ऐकून जा.

फोटोवरून अजिबात ठरवू नकोस. जाहिरातीतला स्टॉक निवडून काढलेला असतो. तुझ्या खोक्यातलं लाकूड दुसऱ्याच झाडाचं असणार. इंग्लंडमध्ये एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे दुकानदाराला एअर रायफल गिऱ्हाइकाच्या हाती समोरासमोरच द्यावी लागते, कुरियरनं थेट घरी पाठवता येत नाही. लोक कुरकुरतात, तू मात्र त्याचा फायदा घे. आधी फोन कर, त्या मॉडेलचे अक्रोडाचे जेवढे नग असतील तेवढे काढून ठेवायला सांग, आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघ. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच लाकूड मधाळ दिसतं. (बारा फूट-पाउंडांच्या आतली रायफल आहे म्हणून इथे परवाना लागत नाही. एडिंबराची ती नोकरी घेतलीस तर मात्र तिथे २०१६ च्या अखेरीपासून प्रमाणपत्र लागतं, हे ध्यानात असू दे.)

तू म्हणतेस ती एअर आर्म्सची टीएक्स २०० बीचमध्येही मिळते आणि अक्रोडातही. बीच वाईट नाही गं, चिवट असतं, पण त्याला फारशी नक्षी नसते. जवळून बघितलंस तर बारीक तपकिरी ठिपक्यांसारख्या रेघा दिसतील, त्या बीचच्या. त्यावर गडद रंग चढवला की नवख्याला ते अक्रोड वाटू शकतं, म्हणून ही खूण लक्षात ठेव. अक्रोड हलकं, वाकायला-पिळवटायला नाखूश, आणि त्यावर मुठीची बारीक चौकोनी कोरणी स्वच्छ उठते. बंदुका बनवणारे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे वळले ते यासाठी. तुर्कस्तानातून येणारं ते झाड आणि आपल्या काश्मीरचं अक्रोडाचं झाड एकाच जातीचं, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता खरी गोष्ट. सगळ्यात नक्षीदार लाकूड निघतं ते मुळाजवळच्या बुंध्यातून आणि फांद्या फुटतात त्या बेचक्यातून. धूर वर चढावा तशा काळसर लाटा असतात त्यात, हलवलं की उजेड आत सरकल्यासारखा दिसतो. बघता बघता जीव अडकतो. पण ही वळणं बटातच शोभतात. मुठीची जागा, जिथे स्टॉक सर्वांत बारीक होतो, तिथे रेषा पुढून मागे सरळच गेल्या पाहिजेत. तिथे त्या तिरप्या कापल्या गेल्या असतील तर रायफल पडल्यावर चीर नेमकी तिथूनच जाते. गाठ तर तिथे नकोच. म्हणून आधी मुठीवर बोट फिरव, रेष कुठून निघते आणि कुठे बाहेर पडते ते बघ, मगच बटाकडे नजर जाऊ दे. मूठ सरळ आणि बट देखणा असा एखादा नग सापडला, तर थोडे जास्त पैसे मोजायला मागेपुढे पाहू नकोस.

दोन्ही बाजू बघ. एका बाजूला नक्षी आणि दुसरीकडे नुसता फिका पट्टा, असं पुष्कळदा होतं. तो पट्टा झाडाच्या बाहेरच्या अंगाचा, तो म्हणजे दोष नाही. पण तू डावरी आहेस, तुझा गाल उजव्या बाजूला टेकणार. उरलेली डावी बाजूच तुला आणि लोकांना दिसत राहणार, तेव्हा ती चांगली हवी. डाव्या हाताचे स्टॉक दुकानात कमी असतात, म्हणून थांबायची तयारी ठेव. आणि डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल सहज टेकव, मग डोळे उघड. दुर्बिणीतून नीट दिसत नसेल, मान ताणावी लागत असेल, तर लाकूड कितीही मोहक असो, ते ठेवून दे.

जुनी घेतलीस तर ट्रिगरगार्डजवळचं आणि पुढच्या स्क्रूंभोवतीचं लाकूड भिंग लावून बघ. केसासारखी चीर तिथेच लपते. घरी आणल्यावर आधी पॉलिश कोणतं ते विचार. लॅकर असेल तर जवसाचं तेल आत मुरतच नाही, वरच चिकट बसतं. कोरड्या कापडानं पुसलंस की झालं. तेलाचं पॉलिश असेल तर थेंबभर तेल तळहातानं चोळ, तेही क्वचितच. पावसात भिजली तर बंद पिशवीत ठेवू नकोस. उन्हात खिडकीतही नको, अक्रोड उन्हानं फिकं पडत जातं.

शनिवारी जाशील तेव्हा प्रत्येक नगाच्या मुठीचा फोटो मला पाठव, बटाचा नंतर. मी फोनपाशीच असेन.