कार्डावरून परस्पर पैसे गेले तर काय करावे?



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या नोंदी, बेणेबदल, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेतो. या खेपेस विषय शिवाराबाहेरचा आहे, पण पैसा उसाचाच आहे. गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांत नोंदीसाठी फिरताना बांधावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, कार्ड माझ्या खिशात हाय, मग पैसं गेलं कसं?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "आता ते मिळायचं न्हाईत न्हवं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ वेळा पैसे मिळू शकतात, पण आपण उशीर करतो.

कार्ड खिशात असतानाही पैसे जातात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण अनेकांनी ऐकले असेल. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी त्या बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. बनावट कार्डे करून २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली आणि त्यातली काही एटीएम आपल्या कोल्हापुरातली होती. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांना त्यात दोषी ठरवले. घाव बँकेच्या यंत्रणेवर होता, खातेदारांचे पैसे सुरक्षित आहेत असे बँकेने तेव्हाच जाहीर केले होते. काळ्या पट्टीच्या कार्डाची नक्कल सोपी, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत चिपची कार्डे देण्यास बँकांना सांगितले. मग चोरांनी वाट बदलली. आता मोबाईलवर 'पीएम किसान' असल्या नावाची फाईल येते. ती उघडून बसवली की आपल्याला येणारे संदेश, ओटीपीसकट, चोराला दिसू लागतात.

कार्ड कोणते, यावर नुकसान कसे बसते ते ठरते. बचत खात्याच्या कार्डावरून पैसे गेले तर शिल्लक कमी होते. किसान क्रेडिट कार्डावरून गेले तर कर्ज वाढते, आणि हे आम्हाला जास्त काळजीचे वाटते. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळते. चोरीचे पंधरा-वीस हजार कर्जखात्यावर तसेच पडून राहिले आणि त्यापोटी मुदतीनंतर थकबाकी दिसली, तर सवलतीचाच प्रश्न उभा राहतो. म्हणजे चोरी वीस हजारांची, पण फटका त्याहून मोठा. ज्यांच्याकडे बँकांची क्रेडिट कार्डे आहेत, गांधीनगरच्या बाजारात किंवा पेट्रोल पंपावर जी आपण चालवतो, त्यांनी महिन्याचे बिल ओळीओळीने वाचावे. नुसता 'किमान भरणा' भरून गप्प बसू नये. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर, वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात. पण त्यासाठी हरकत घेतलेली असली पाहिजे.

आता मुदतीचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी खातेदाराची जबाबदारी ठरवून दिली. चूक बँकेची असेल तर खातेदारावर काहीच बोजा नाही, मग तक्रार केव्हाही असो. चूक ना बँकेची ना आपली, तिसऱ्याच ठिकाणी घोटाळा झाला असेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास सगळी रक्कम बँकेने सोसायची. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास आपला वाटा ठरतो : शून्य शिलकीच्या मूळ बचत खात्याला जास्तीत जास्त ५ हजार, साध्या बचत खात्याला आणि पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला १० हजार. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण असेल तसे. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा चालू आकडे शाखेत विचारून घ्यावेत.

दिवस कसे मोजायचे यात गफलत होते. समजा, दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी बचत खात्यातून १८ हजार गेल्याचा संदेश आला. संदेशाचा दिवस धरायचा नाही. शनिवार-रविवार बँक बंद. सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. बुधवारी अर्ज दिला तर १८ हजार बँकेचे. गुरुवारी दिला तर त्यातले १० हजार आपल्या अंगावर येऊ शकतात. एका दिवसाला १० हजार! इतकी महाग मजुरी भर हंगामात तोडणी टोळीलाही कुणी दिलेली आम्ही पाहिली नाही.

आमच्या पाहण्यातल्या एका सभासदाचे पैसे गेले, पण खात्याला नंबर जोडलेला होता पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा. मुलाने संदेश पाहिला नाही. गावी आला तेव्हा बोलण्यातून उलगडा झाला, तोवर नववा दिवस. तेव्हा आपल्या स्वतःच्या चालू मोबाईलचा नंबर खात्याला जोडला आहे ना, हे बिल जमा होण्याआधी पाहून घ्यावे. पंधरवड्याचे ऊसबिल खात्यावर पडते त्याच दिवसांत संदेशांची गर्दी असते, आणि नेमका नको तो संदेश त्यात दडून जातो.

ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर नियम कडक आहे. कळवेपर्यंतचे सगळे नुकसान आपले. तरीही लाजून घरी बसू नये. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे, आणि चोर एकदा काढून थांबत नाही. शिवाय बेसावधपणा तुमचाच होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवरच्या कारकुनाने "तुम्हीच दिला असेल" म्हटल्याने ते सिद्ध होत नाही.

संदेश दिसताच आधी घरात विचारावे. मुलाने ट्रॅक्टरचे टायर घेतले असतील, नातवाने मोबाईलवर काही चालू केले असेल. घरच्या खर्चाला चोरी म्हणून अर्ज केला तर पुढच्या खऱ्या अर्जाची किंमत जाते. घरातले नाही अशी खात्री झाली की कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करून कार्ड बंद करावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. नंबर इंटरनेटवर शोधू नये, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळले तर पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. एकदा तो रोखीने निघाला की गव्हाणीत गेलेला ऊस परत मागण्यासारखे आहे.

फोनवर भागले असे समजू नये. शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यावी. वजनकाट्याची पावती आपण जशी जपतो तशी ही प्रत जपावी. अर्जात खाते क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, संदेशाची तारीख आणि वेळ, फोनवरचा तक्रार क्रमांक घालावा, आणि स्पष्ट लिहावे : "हा व्यवहार मी केलेला नाही, कोणास करण्यास सांगितलेला नाही. रक्कम व्यवहाराच्या तारखेने माझ्या खात्यावर परत जमा करावी." 'व्यवहाराच्या तारखेने' हे शब्द गाळू नयेत, कारण मधल्या दिवसांचे व्याज त्यावर ठरते. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा दाखवावी आणि ९० दिवसांत निकाल द्यावा, असे २०१७ च्या नियमांत आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे कुणी म्हणाले तर आमचा सल्ला असा की अर्ज त्याच दिवशी द्यावा, पोलिसांची पोच मागाहून जोडावी.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही नोव्हेंबर २०२५ पासून ही योजना लागू झाली आहे, त्यामुळे सोसायटीमार्फत पीककर्ज घेणाऱ्या सभासदांनाही आता हा मार्ग मोकळा आहे.

कार्डाचा ऑनलाइन आणि परदेशातला वापर लागत नसेल तर बंद करून घ्यावा, आणि रोज काढायच्या रकमेची मर्यादा कमी ठेवावी. शाखेत सांगून हे होते. अर्जाचा नमुना गट कार्यालयात ठेवला आहे. लिहिण्यास अडचण असेल तर चिटबॉय भरून देतील. येताना पासबुक आणि संदेश आलेला मोबाईल बरोबर आणावा, संदेश पुसू नये.