विजेचे काम आणि परवाना

घरात नवी खोली बांधली. तिथे दिवा हवा, पंखा हवा. आपण काय करतो? ओळखीच्या एखाद्या पोराला हाक मारतो. तो पक्कड घेऊन येतो. घटकाभरात दिवा लागतो. चार पैसे वाचले म्हणून आपल्याला बरे वाटते.

पण दिवा लागला म्हणजे काम बरोबर झाले काय?

नाही. चुकीच्या जोडणीवरही दिवा लागतो. बटण चुकीच्या तारेवर बसवले तर दिवा विझतो, पण होल्डरात वीज राहतेच. दिवा बदलायला हात घातला की धक्का बसतो. अर्थिंगची तार जोडली नाही, तरी पंखा फिरतो, मिक्सर चालतो. पण आत बिघाड झाला की मोटारीच्या लोखंडी अंगात वीज उतरते. घरातली वीज २३० व्होल्टची असते. माणूस मारायला ती पुरेशी आहे. चूक भिंतीत लपून बसते आणि भिंत ओली झाली की जीव घेते.

म्हणून कायद्याने बंधन घातले आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांच्या जागी तसेच दुसरे बसवायचे असेल, तर घरच्या माणसाने बसवले तरी चालते. मात्र आधी मेन स्विच बंद करावा. नवी वायरिंग किंवा वायरिंगची दुरुस्ती मात्र परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी लागते. त्याच्या कामावर पात्रतेचे प्रमाणपत्र असलेला देखरेख्या असावा लागतो. हाताने काम करणाऱ्या वायरमनजवळही सरकारी परवाना असावा लागतो.

हा परवाना मिळवायचा कसा? सरळ वाट आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. तिथे विजेचे दोन धंदे शिकवतात. एक तारतंत्री, म्हणजे वायरमन. त्याला आठवी पास लागते. दुसरा वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. त्याला गणित व विज्ञान घेऊन दहावी पास लागते. दोन्ही शिक्षण २ वर्षांचे आहे. मुलींनाही प्रवेश आहे.

तिथे नुसती पक्कड धरायला शिकवत नाहीत. नकाशा वाचायला शिकवतात, हिशेबही शिकवतात. एक हिशेब आपणच करून पाहू. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट येतात. तार ५ अँपिअरची असेल, तर २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॉट. त्या तारेवर १००० वॉटची इस्त्री चालेल. पण पाणी तापवायचे २००० वॉटचे गिझर लावले तर? त्याला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. तार तापेल, वरचे आवरण वितळेल, आग लागेल. ज्याला हा हिशेब येत नाही, तो डोळे मिटून तार ओढतो.

आयटीआयची परीक्षा पास झाली की प्रमाणपत्र मिळते. पुढे कारखान्यात किंवा वीज कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणूनही काम करता येते. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्या काळात विद्यावेतन मिळते. परवान्यासाठी कोणते कागद लागतात, ते जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कचेरीत विचारावे.

कोणी म्हणेल, "अहो, आमचा तुकाभाऊ वीस वर्षं वायरिंग करतोय. त्याला शाळा कशाला?" तुकाभाऊच्या हाताला आम्ही कमी लेखत नाही. पण उस्तादाची चूक शागीर्दाच्या हातात उतरते, आणि शागीर्दाची त्याच्या शागीर्दाच्या. ही साखळी तुटली पाहिजे. तुकाभाऊसारख्या अनुभवी माणसाचे काम पारखण्यासाठी सरकारी परीक्षाही असते. तिची चौकशी त्याच कचेरीत करावी.

"आता आमचं वय झालं," असेही कोणी म्हणेल. आयटीआयला वय निदान १४ वर्षे लागते. वरची मर्यादा नाही. शाळा सुटली असेल, तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या, आठवीच्या व दहावीच्या परीक्षा बाहेरून देता येतात. आज हा धडा वाचणाऱ्याला ही वाट लांब वाटेल. पण तिची पहिली पायरी, अक्षरओळख, तुम्ही चढला आहात.

आणि स्वतः शिकायचे नसले, तरी एवढे करा. पुढच्या वेळी वायरमन घरी आला की त्याचा परवाना मागा. चांगला कारागीर त्याने रागावत नाही. परवान्यावरचे नाव वाचा, मुदत वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

प्रश्न
१. दिवा लागला, तरी काम चुकलेले कसे असू शकते?
२. विजेचे कोणते काम घरच्या माणसाला करता येते?
३. तारतंत्रीच्या शिक्षणाला कितवी पास लागते? ते किती वर्षांचे असते?
४. तुमच्या घरातल्या इस्त्रीवर किती वॉट लिहिले आहेत? ५ अँपिअरच्या तारेवर ती चालेल का?