वंगण आणि गोठणरोधक

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले नाही तर चाक कुरकुरते, हे आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. परंतु वंगण नेमके काय करते, असे विचारल्यास ‘घर्षण कमी करते’ याखेरीज उत्तर बहुधा मिळत नाही.

धातूचा पृष्ठभाग कितीही चकचकीत असला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचसखल भाग दिसतात. दोन पृष्ठभाग घासले गेले की हे उंचवटे एकमेकांत अडकतात, तुटतात, तापतात. यालाच झीज म्हणतात. वंगणाचे खरे काम या पृष्ठभागांना एकमेकांपासून दूर ठेवणे हे होय.

ते कसे घडते, याचा उलगडा काहीसा योगायोगाने झाला. इंग्रज अभियंता बीचम टॉवर हा रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरताच त्यातून तेल वर येऊ लागले. त्याने आधी बूच व मग लाकडी खुंटी ठोकली. दोन्ही बाहेर ढकलली गेली. दाबमापक बसविल्यावर दाब दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोग्रॅमच्या वर दिसला, म्हणजे बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक! हे प्रयोग १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कारण ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये गणिताने मांडले. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे तेलाची पाचर तयार होते आणि ती पाचर आसाला उचलून धरते.

म्हणजे हा आधार गतीतून निर्माण होतो. इंजिन रात्रभर बंद राहिले की बरेचसे तेल खाली निथळते. म्हणूनच सकाळी सुरू करताक्षणी इंजिनाचा वेग एकदम वाढविणे घातक ठरते. तेल फार तापले तर पातळ होते आणि पाचर टिकत नाही. यासाठी इंजिन थंड ठेवावे लागते. ते काम मुख्यत्वे रेडिएटरमधून फिरणारे पाणी करते.

मात्र लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हेच पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व इंजिनाचा ओतीव लोखंडी ठोकळाही तडकू शकतो. यावर उपाय म्हणून पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. त्याचे रेणू पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या स्फटिकात रचू देत नाहीत. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, पण पाण्यात निम्मे-निम्मे मिसळल्यास ते मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून ‘जास्त घातले की जास्त चांगले’ हा समज चुकीचा आहे.

महाराष्ट्रात गोठण्याचे भय नाही. तरीही हे मिश्रण येथे उपयोगी पडते. ते पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये धातूचे रक्षण करतात. मात्र ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. जमिनीवर सांडलेले मिश्रण कुत्र्या-मांजरांनी चाटले तर ती दगावू शकतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. यंत्र जपणाऱ्याने एवढी काळजी जिवांचीही घ्यावी.