घरातील व वर्गातील हवेची मोजणी

वर्गाची दारे-खिडक्या लावून घेतल्यावर पत्र्याच्या भोकातून जो कवडसा आत येतो, त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. कवडसा सरकला की तेच कण दिसेनासे होतात; नाहीसे मात्र होत नाहीत. हवेच्या पाठाचा आरंभ शिक्षकाने येथूनच करावा. फळा पुसण्याचे डस्टर कवडशाजवळ हलकेच झटकले, म्हणजे कण वाढले हे शेवटच्या रांगेतील मूलही सांगेल. किती वाढले, असे विचारताच वर्ग गप्प होतो. मोजणीची गरज मुलांना तेथे पटते.

काही हजार रुपयांना मिळणारे धूळमापक यंत्र कवडशाच्याच तत्त्वावर चालते. लहानशा डबीत एक पंखा हवा ओढून घेतो आणि त्या हवेतून लेसरचा किरण जातो. कणांवर आदळून विखुरलेला प्रकाश एक प्रकाशग्राही भाग टिपतो. त्यावरून २.५ मायक्रॉन व त्याहून बारीक कण दर घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत, याचा अंदाज पडद्यावर उमटतो. डोक्याचा केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण नाकात किंवा घशात अडत नाहीत. ते फुप्फुसांत खोलवर जातात. भारतात बाहेरच्या हवेसाठी २००९ साली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० ठरविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घरातील व बाहेरील अशा दोन्ही हवेसाठी १५ हा आकडा सुचविला.

स्वस्त यंत्राने स्वयंपाकघर मोजण्याचे काम महाराष्ट्रात पूर्वीच झालेले आहे. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात कर्क स्मिथ यांच्या संशोधकगटाने, आगीची सूचना देणाऱ्या घरगुती घंटेचे भाग वापरून एक कणमापक बनविला. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने सुधारित चुलींचा प्रसार केला, तेव्हा पुणे परिसरातील खेड्यांत घरोघरी हा मापक टांगून चूल बदलण्यापूर्वीची व नंतरची हवा मोजण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुधारित चुलींमुळे कण व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही घटल्याचे आढळले. तथापि हवा निर्धोक झाली नव्हती. चूल बदलली म्हणजे धूर गेला, असे मानून मोजणी सोडली असती तर हे कळलेच नसते.

स्वस्त यंत्र चुकते, हेही शिक्षकास ठाऊक असावे. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. भाताच्या वाफेनेही तसेच होते. म्हणूनच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ व कानपूरची आयआयटी यांनी २०२०-२१ मध्ये मुंबई परिसरात देशी बनावटीची अशी यंत्रे मंडळाच्या महागड्या केंद्रांशेजारी ठेवून ताडून पाहिली. शाळेला तेवढे साधणार नाही. निदान दोन डब्या आठवडाभर शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक टिपावा.

मोहोळ तालुक्यातील चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांनी तर याहून एक गोष्ट अधिक ध्यानी ठेवली पाहिजे. या वसाहतीत रासायनिक कारखानेही आहेत. रात्री उग्र वास आला असे पालक सांगत येतात, आणि डबीवर मात्र १२ किंवा १५ दिसते. अशा वेळी ‘हवा चांगली आहे’ असे उत्तर देणे सर्वथा चुकीचे होय. ही डबी कण पाहते. वायू तिला दिसत नाही. बंद खोलीतील निखाऱ्यांच्या शेगडीतून निघणारा प्राणघातक कार्बन मोनॉक्साइडही तिला दिसत नाही. यंत्रमागाच्या शेडमधील कापसाची तूस मोठ्या कणांची असल्याने तीही बहुतांशी निसटते. वासाची तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा वहीत लिहून मंडळाच्या सोलापूर येथील कार्यालयास कळविणे हाच तेथे मार्ग आहे. उलट, सकाळी आठ वाजता घरातील आकडा एकदम उसळला तर बोट प्रथम कारखान्याकडे दाखवू नये. चूल केव्हा पेटली ते आधी विचारावे.

शाळेतही मोजण्याजोगे पुष्कळ आहे. जेथे पोषण आहार अद्याप लाकडावर शिजतो, तेथे डबी चुलीपासून एक मीटरवर, स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या नाकाच्या उंचीवर ठेवावी. चूल पेटण्यापूर्वी अर्धा तास, स्वयंपाक चालू असता आणि नंतर तासभर, दर पाच मिनिटांनी सातवीच्या मुलामुलींनी आकडा लिहावा. दुसऱ्या दिवशी शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून तसेच करावे व दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. लगतच्या वर्गातही एक डबी असावी, कारण धूर भिंतीवरून तेथे येतो व पहिलीची मुले बहुधा त्याच खोलीत बसतात. बाईंना दोन्ही आलेख समजावून सांगावेत आणि डोळे केव्हा अधिक चुरचुरतात ते त्यांनाच विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीपुढे गॅसची अथवा धुराड्याची मागणी ठेवताना हाच कागद जोडावा.

डबीच्या जाळीवर काजळी बसते. ती पंधरा दिवसांनी कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावी. पाणी लावू नये.