उलांडीची नाव

वऱ्हाडातील पूर्णा नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि वैशाखात तिचे पात्र ठिकठिकाणी पायी ओलांडता येते. अशा मुलखातील मुलांना नावांच्या शर्यतीचे नवल वाटल्यास ते साहजिक आहे. तरीही वल्हेकऱ्याचे पुष्कळसे शिक्षण जमिनीवरच होते.

आधी नाव कशी असते ते पाहू. कोकणच्या किनाऱ्यावर काही अरुंद होड्यांच्या एका अंगास, थोड्या अंतरावर, आडव्या काठ्यांनी एक लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्यास उलांडी म्हणतात. होडी उलांडीकडे कलली, तर पाणी ओंडक्याला वर ढकलते. दुसरीकडे कलली, तर ओंडक्याचे वजन तिला सावरते. पॅसिफिक महासागरातील लोकांनी अशाच नावांतून दूरदूरची बेटे गाठली. आज तेथे सहा वल्हेकऱ्यांच्या नावांच्या शर्यती होतात.

जवळची शर्यत ५०० मीटरांची. ती सुमारे दोन मिनिटांत संपते. दूरची शर्यत तासन्‌तास चालते. हवाई बेटांत १९५२ साली सुरू झालेली मोलोकाई ते ओआहू ही शर्यत सुमारे ६६ किलोमीटरांची आहे. वाटेत खुला समुद्र! थकलेले गडी पाण्यात उड्या घेतात आणि ताजे गडी पोहत येऊन चालत्या नावेत चढतात.

जवळच्या शर्यतीसाठी मिनिटभर सर्व शक्तीनिशी वल्हवावयाचे, मग तीन-चार मिनिटे सावकाश जावयाचे, आणि पुन्हा तेच. दूरच्या शर्यतीसाठी बोलता येईल इतक्याच वेगाने तास-दोन तास वल्हवितात आणि आठवड्या-आठवड्याने अंतर वाढवितात. मौज अशी की, जवळच्या शर्यतीचा गडीदेखील बराचसा सराव सावकाशच करतो. दम त्यानेच वाढतो.

हे काम दंडाचे आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु पाय रोवून, कमरेतून अंग वळवून, पाठीच्या बळाने वल्हे ओढावे लागते. केवळ हातांनी ओढणारा लवकर थकतो. जोर, बैठका आणि मल्लखांब यांनी कमावलेले शरीर येथे उपयोगी पडते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून असे शिक्षण देत आले आहे. १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

ताल मात्र नावेतच शिकावा लागतो. पुढचा गडी ताल धरतो, शेवटचा नावेला दिशा देतो. एक उजवीकडे, तर त्याच्या मागचा डावीकडे वल्हवितो. बारा-पंधरा फटक्यांनंतर आरोळी होते आणि सर्व जण एकदम बाजू बदलतात. एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पडले, तरी नाव अडखळते.

नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे पाणीटंचाईचे गाव आहे. तेथील दत्तू भोकनळ विहिरी खणण्याच्या कामावर जात. २०१२ साली ते सैन्यात दाखल झाले आणि पुण्यास वल्हवण्यास शिकले. त्यांची नाव उलांडीची नव्हे. तीत पाठमोरे बसून, नावेस अडकविलेली वल्ही ओढतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये २००० मीटरांच्या एकेरी शर्यतीत ते तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेने सुवर्णपदक मिळविले, त्या चौघांत ते एक होते. प्रत्येकाच्या हाती दोन, अशी त्या नावेत आठ वल्ही होती.