कुड्याचे एक जुने चित्र

मलबारचे डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्या खंडात (अ‍ॅमस्टरडॅम, १६७८) आपल्या पांढऱ्या कुड्याचे चित्र आहे, नाव ‘कोडगपाला’. औषधी साल, आमांशावर देतात ती. पण चित्रात फांदी पानाफुलांची! असे का? मला वाटते, वाळलेल्या सालीवरून झाड ओळखणे कठीण, म्हणून. काळ्या कुड्याची साल भेसळीला असतेच. पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या, काळ्याच्या कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या.

लिनियसने १७५३ मध्ये हे चित्र श्रीलंकेतील निराळ्याच झाडाच्या नावाखाली घातले. नावांचा घोळ पुढे फार काळ चालला. दोष चित्राचा नव्हे. त्यामागे इट्टी अच्युतन वैद्यांची माहिती होती. रंगभट, विनायक पंडित, आपुभट यांची कोंकणी साक्षही त्याच खंडात नागरी लिपीत छापलेली आहे.